३,३५० टन सोनं म्हणे! अंदाज निघाला १६० किलोचा. आकडा फुगला कसा?

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात सोन्याचा डोंगर सापडल्याची बातमी देशभर फिरली. जिल्हा खनिकर्म विभागाच्या हवाल्याने तीन हजार टनांच्या वरचा आकडा आला. कुठे ३,३५० टन छापलं गेलं. जगभरातल्या खाणींतून मिळून वर्षाला साधारण तेवढंच सोनं निघतं! पण २२ फेब्रुवारीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने (जीएसआय) खुलासा केला की असा अंदाज आम्ही दिलेलाच नाही, तिथे सोनं आहे सुमारे १६० किलो.

टन कशाचे?

जीएसआयच्या हिशेबात ५२,८०६ टन होते, पण ते सोनं मिसळलेल्या दगडाचे. एका टनात सोनं सरासरी ३.०३ ग्रॅम. गुणाकार केला की १ लाख ६० हजार ग्रॅम, म्हणजे १६० किलो. टनभर दगड फोडून, दळून मिळणार पाव तोळ्याच्या थोडं वर.

अंदाज कसा काढतात?

आधी सोन्याच्या पट्ट्याची लांबी, रुंदी, खोली मोजतात. पट्टा १०० मीटर लांब, २ मीटर रुंद, ५० मीटर खोल असेल तर १० हजार घनमीटर दगड. एका घनमीटरचं वजन २.७ टन धरलं तर २७ हजार टन. त्याला टनामागच्या ग्रॅमने गुणायचं. ३ ग्रॅम धरले तर ८१ किलो सोनं.

खरी अडचण खोलीची. जमिनीखालचं दिसत नाही, म्हणून बोअर मारून दगडाचे नमुने प्रयोगशाळेत तपासतात. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून आपल्याही लागेलच असं नाही, तसंच सोन्याचं. बोअर जेवढे कमी आणि लांब-लांब, तेवढा अंदाज कच्चा. म्हणूनच शोधाचे चार टप्पे आहेत: जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे सविस्तर तपासणी. त्यानंतरही खर्च परवडला आणि परवानग्या मिळाल्या तरच खाण निघते.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवावा. कर्नाटकातल्या कोलार खाणींतून १२० वर्षांत मिळून सुमारे ८०० टन सोनं निघालं. त्या २००१ मध्ये बंद झाल्या.

गावाने काय विचारावं?

विदर्भात नागपूर-भंडारा पट्ट्यातही जीएसआयने सोन्याचा शोध घेतला आहे. उद्या कुणाच्या शिवारात बोअरची गाडी आली आणि मोबाईलवर टनांचे आकडे फिरू लागले, तर आधी चार प्रश्न विचारावेत. टन दगडाचे की सोन्याचे? एका टनात किती ग्रॅम? टप्पा कोणता? आकडा जीएसआयने स्वतः दिलाय का?

उत्तरं मिळेपर्यंत जमिनीचा इसार घेऊही नये अन् देऊही नये. अफवा विरते, पण केलेला व्यवहार सहजासहजी फिरत नाही.