एकोणचाळीस मुलं आणि एक ताई



आमच्या मंदिराच्या पाठशाळेत लहान मुलांच्या दोन तुकड्या एक करायचं चाललंय. 18 आणि 21, म्हणजे 39 मुलं आणि शिकवायला ताई एकच. एका ताईचं मानधन वाचेल, असं विश्वस्तांचं म्हणणं. (पंचकल्याणकाच्या मंडपाला किती खर्च झाला, ते मी काढत नाही.) एक भाऊ म्हणाले, "आमच्या वर्गात साठ असायची, काय बिघडलं आमचं?" ज्यांचं बिघडलं, ते बैठकीला कुठे येतात!

मी बी.कॉम., हिशेबाची खोड जात नाही. तास 40 मिनिटांचा. एकेका मुलाच्या वाट्याला एक मिनिट. तेवढ्यात णमोकार म्हणून होईल, पण 'उवज्झायाणं'ला अडखळणाऱ्याला पुन्हा म्हणायला लावायला वेळ कुठून आणायचा?

हा वाद जगभर आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 1985 पासून चार वर्षं प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं वाटली, काही वर्गांत 13 ते 17, काहींत 22 ते 25. छोट्या वर्गातली मुलं वाचनात, गणितात पुढे गेली, आणि गरीब घरच्यांना जास्त फायदा झाला. ते पाहून 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्या इयत्तांचे वर्ग घाईघाईने 20 वर आणले, तर शिक्षकच पुरेनात. पुरेसं प्रशिक्षण नसलेल्यांना उभं करावं लागलं. म्हणजे नुसती संख्या कमी करून भागत नाही, हेही खरं.

जपानचं उदाहरण हमखास देतात. तिथे वर्षानुवर्षं 40 चा वर्ग होता. पण तिथली मुलं स्वतः वर्ग झाडतात, एकमेकांना जेवण वाढतात. ती शिस्त आपल्या घरात आधी दिसू दे! आणि त्यांनीही 2021 मध्ये कायदा बदलून प्राथमिक शाळेत 35 ची मर्यादा ठरवलीच की.

मला सर्वांत पटलं ते ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांचं. बाराव्या शतकात त्यांनी लिहून ठेवलं, 25 मुलांपर्यंत एक शिक्षक, 40 पर्यंत जोडीला मदतनीस, त्यापुढे दोन शिक्षक.

मोठ्या मुलांच्या तुकड्या खुशाल एक करा, कथा चाळीस जण मिळून ऐकतात. लहानांच्या नको. करायच्याच असतील, तर ताईंच्या जोडीला मदतनीस द्या. दर रविवारी मी बसेन, मानधन नको. अजून दोघी-तिघी हव्यात, पाळ्या लावता येतील. आणि पुढच्या बैठकीला याच. मागच्या वेळी बायकांत मी एकटीच होते.