गरिबाच्या नावाने नवी करोडगिरी

आंतरजालावरील सर्व मजकुराला सारखीच वागणूक देणाऱ्या तटस्थतेचे, म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीचे, नियम अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 14 डिसेंबर 2017 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केले, 2024 मध्ये ते पुन्हा आणले आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने ते पुन्हा मोडीत काढले. या धरसोडीचा दाखला देऊन आपल्याकडेही असे निर्बंध सैल करावेत, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. या पक्षाचा सर्वांत लाघवी युक्तिवाद भूतदयेचा आहे. डिसेंबर 2015 मध्ये फेसबुकचे मार्क झुकेरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहून महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्यास साक्षीला उभे केले: निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’वर तो हवामान व बाजारभाव पाहतो, मग त्याची ही सोय का काढून घ्यावी?

बीड जिल्ह्यातील शिरूर कासारच्या कोरडवाहू शेतकऱ्यास हे बोल गोड वाटावेत यात नवल नाही. परंतु फुकटच्या दालनात कोणास प्रवेश द्यावयाचा याच्या अटी फेसबुकने ठरवाव्यात आणि उरलेले आंतरजाल पैसे भरणाऱ्यासाठी राहावे, या व्यवस्थेत गणेश हा ग्राहकही नव्हे आणि नागरिकही नव्हे. तो केवळ आश्रित ठरतो. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना इंग्रजी हद्दीतील नगरकडून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, वसूल होत असे. ती निदान दरबारी खजिन्यात तरी जमा होई; आंतरजालाच्या वेशीवरची ही नवी करोडगिरी मात्र कंपन्यांच्या तिजोरीत जाईल.

आकारणीची ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने आंतरजालावरून होणाऱ्या संभाषणास स्वतंत्र दर जाहीर केला आणि लोकक्षोभ उसळताच काही दिवसांत माघार घेतली. तो दर टिकला असता तर त्याची झळ कोणाला बसली असती? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर निघून जाणाऱ्या आणि रात्री कोपीच्या दारात बसून, गावी आजीपाशी ठेवलेल्या लेकराचे तोंड व्हिडिओ कॉलवर पाहणाऱ्या ऊसतोड मजुराला!

दुसरा आक्षेप भांडवलाचा: नियम असतील तर गुंतवणूक आटेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास 8 फेब्रुवारी 2016 रोजी मनाई केली. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. ही स्वस्ताई नियमाने आणली असा माझा दावा नाही, ती स्पर्धेने आणली. पण नियमाने गुंतवणुकीचा गळा आवळला जातो हे भाकीत मात्र पार खोटे पडले. दूरस्थ वैद्यकीय उपचारांसाठी वेगवान मार्ग नको काय, ही पृच्छाही अनाठायी आहे, कारण जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेल्या शिफारशींत अशा विशेष सेवा मुळातच वगळलेल्या आहेत.

राहता राहिला रेंजचा प्रश्न, आणि तो खरा आहे. बालाघाटच्या डोंगरकुशीतल्या वस्तीवर फोन लागत नसेल तर तटस्थता तरी काय चाटायची, असे कोणी विचारल्यास त्याला मी दोष देणार नाही. मात्र त्यासाठी नियम मोडण्याची गरज नाही. कंपन्यांच्या महसुलातील हिश्श्यावर उभा राहिलेला सार्वत्रिक सेवा निधी, 2023 च्या कायद्याने ज्याचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर झाले, तो याच कामासाठी आहे. त्यातून शिरूर कासार तालुक्याच्या वाट्याला किती मनोरे आले, किती चालू आहेत आणि वीज गेल्यावर किती तास चालतात, याचा हिशेब गणेशच्या कैवाऱ्यांनी आधी मागावा.