तांब्याला कोंदण हवे, खानदेशाला यंत्र हवे

कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात ताक किंवा चिंच कोणी ठेवत नाही. तांबे सुटते आणि पोटात जाते. तांबे सुटू न देण्याचा हाच प्रश्न आज कर्करोगाच्या औषधांत महत्त्वाचा ठरला आहे. त्यात मालाच्या वाहतुकीचाही हिशेब आहे, म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसमोर तो मांडत आहे.

तांब्याचे दोन किरणोत्सारी प्रकार वैद्यकाच्या कामाचे आहेत. तांबे-६४ मुळे पेट स्कॅनमध्ये गाठ कोठे आहे ते दिसते. तांबे-६७ चे बीटा कण गाठीच्या पेशी मारतात. धातू एकच असल्याने एकाच घडणीचे औषध आधी पाहण्यासाठी आणि मग उपचारासाठी देता येते.

मात्र मोकळे तांबे रक्तात गेले की यकृत ते ओढून घेते. म्हणून त्याला धरून ठेवणारा रेणू लागतो आणि त्या रेणूला गाठ ओळखणारा भाग जोडावा लागतो. सोनाराच्या भाषेत हे कोंदण होय. खडा कितीही मोलाचा असला तरी कोंदण सैल असेल तर तो वाटेत पडणारच. 'डोटा' हे चार नायट्रोजनच्या कड्याचे कोंदण मोठ्या धातूंना छान बसते, तांब्याला ऐसपैस होते. तीन नायट्रोजनचे 'नोटा' (मतदान यंत्रावरचे नव्हे!) अधिक घट्ट धरते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन सार्जसन व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये कोबाल्टभोवती सहा नायट्रोजनचा बंद पिंजराच बांधला. त्याच घराण्यातले पिंजरे आता तांब्यासाठी वापरून पाहिले जात आहेत.

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेने मंजूर केलेले तांबे-६४ चे औषध डोटावरच चालते, मग घट्ट कोंदणाचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. ती तपासणी टोचल्यानंतर तासाभरात होते, तेवढ्यात थोडे तांबे सुटले तरी निभावते. उपचाराचे तांबे-६७ अर्धे व्हायला सुमारे ६२ तास लागतात. इतका वेळ सुटत राहिलेले तांबे निरोगी यकृतालाच भाजणार. उपचार करायचा तर स्वस्त कोंदण परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वाहतुकीचा हिशेब. पेट स्कॅनसाठी सर्रास वापरले जाणारे फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी अर्धे होते. मुंबईहून नंदुरबारपर्यंत आठ तास धरले तर येथे विसावा हिस्सा पोहोचेल. असा माल कोण भरेल? तांबे-६४ अर्धे व्हायला १२.७ तास लागतात, म्हणजे आठ तासांनंतरही रुपयातले पासष्ट पैसे हातात राहतात.

देशातला पहिला पेट स्कॅन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तांबे-६४ तयारही केले आहे. परंतु साध्या तांब्यावर न्यूट्रॉनचा मारा करून केलेल्या मालात साधे तांबेच भरपूर उरते आणि कोंदणे तेच अडवून बसते. शुद्ध माल सायक्लोट्रॉनमध्ये निकेल-६४ पासून निघतो. निसर्गातल्या निकेलमध्ये ते शंभरात एक भागही नसते, त्यामुळे महाग पडते आणि काम झाल्यावर गोळा करून पुन्हा वापरतात. सोनाराच्या भट्टीची राख धुणाऱ्या झारेकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

मंजूर झालेले औषध सर्व कर्करोगांना चालत नाही, काही ठरावीक गाठींपुरतेच ते आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पिंजऱ्यातल्या तांब्याच्या चाचण्या परदेशात चालू आहेत. म्हणून लगेच यंत्र आणा असे म्हणणे घाईचे होईल. मात्र निकेलपासूनचे शुद्ध तांबे आणि त्याला धरणारे रेणू येथेच तयार व्हावेत यासाठी सरकारने आतापासून पैसा घालावा. पुढे यंत्रे वाटताना मोठ्या शहरांपाशी न थांबता धुळे-नंदुरबारचाही विचार व्हावा. दूरच्या शहरात तपासणीला जायचे म्हणजे रुग्णासोबत घरची दोन माणसे जातात, आणि तितके दिवस दुकानाला कुलूप असते. आपल्या व्यापारी मंडळांनी ही मागणी आमदार-खासदारांकडे लेखी द्यावी.