डाळ शिजेना, दोष कोणाचा?

मुंबईचे एक कुटुंब बदलीच्या निमित्ताने म्हैसूरला राहावयास आले आहे, अशी कल्पना करा. सामान लागले, शेगडी पेटली आणि पहिल्याच आठवड्यात घरात कुरकुर सुरू झाली. तुरीची डाळ पातेल्यात वेळेवर शिजत नाही. वडील म्हणतात, दुकानदाराने जुनी डाळ दिली. आई म्हणते, येथले कूपनलिकेचे पाणीच जड आहे. सातवीतील कन्या म्हणते, म्हैसूर उंचावर आहे, त्याचा हा परिणाम. आजी मात्र सुनेकडे पाहून एवढेच म्हणतात, “आमच्या हाताला असे कधी झाले नाही. आच मोठी ठेवावी लागते!”

वाचकहो, यात कोणाचे खरे मानावे? गंमत अशी की, पहिल्या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी मुंबईप्रमाणे 100 अंश सेल्सिअसला न उकळता सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असले तर कडधान्ये व डाळी मऊ होण्यास वेळ लागतो. उष्ण व दमट जागी फार दिवस साठविलेली डाळही लवकर शिजत नाही. आजींचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. मोठ्या आचेने पाण्याला उकळी लवकर येते. परंतु एकदा खळखळून उकळू लागलेले पाणी आच वाढविली म्हणून अधिक तापत नाही, ते केवळ लवकर आटते.

मग घोटाळा कोठे आहे? घर बदलताना गाव, पाणी, दुकान आणि शेगडी ही सारी एकदम बदलली. ज्या गोष्टी बदलू शकतात त्यांना विज्ञानात ‘चल’ म्हणतात. अनेक चल एकाच वेळी बदलले की परिणाम कोणामुळे झाला हे सांगता येत नाही. प्रत्येक जण आपल्या मनातील कारणाकडे बोट दाखवितो. म्हणून प्रयोगाचा पहिला नियम असा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या सर्व जशाच्या तशा ठेवाव्या.

आता मुलांना घेऊन हा प्रयोग करून पाहा. शेगडीजवळ मात्र मोठ्या माणसाने उभे राहावे. प्रश्न एकच निवडा: पाण्यामुळे फरक पडतो काय? म्हैसूरला कावेरी व कबिनी या नद्यांचे पाणी नळाने येते. एकदा ते घ्या, एकदा कूपनलिकेचे घ्या. पाणी आपण होऊन बदलतो, म्हणून पाणी हा ‘स्वतंत्र चल’. डाळ शिजण्यास लागलेली मिनिटे आपण मोजतो. तो ‘अवलंबी चल’. कारण तो पाण्यावर अवलंबून आहे की नाही, हेच आपणांस पाहावयाचे आहे. उरलेल्या गोष्टी, म्हणजे एकाच पिशवीतील 50 ग्रॅम डाळ, 400 मिलिलिटर पाणी, अर्धा तास भिजवण, तेच पातेले, तेच झाकण आणि तीच आच, हे ‘नियंत्रित चल’. त्यांतील एकही बदलू द्यावयाचा नाही. मीठ, हळद व तेल प्रयोगात घालूच नये.

पाण्याला उकळी आल्यावर त्यात डाळ सोडा आणि त्या क्षणापासून घड्याळ पाहा. दर पाच मिनिटांनी पाच दाणे चमच्याने काढून थोडे निवू द्या व बोटांनी दाबा. पाचही दाणे चेपले की वेळ लिहून ठेवा. येथे एक युक्ती सांगतो. दाणे दाबणाऱ्याला पाणी कोणते ते सांगू नका. ज्याला आपले म्हणणे खरे ठरावे असे वाटते, त्याची बोटे नकळत पक्षपात करतात.

एकदा करून थांबू नये. प्रत्येक पाण्याने तीन वेळा करावे. समजा, नळाच्या पाण्यात 30, 35 व 30 मिनिटे लागली आणि कूपनलिकेच्या पाण्यात 35, 30 व 35, तर हा फरक विश्वासार्ह नाही. एकाच पाण्याचे आकडेसुद्धा तेवढे खालीवर होत आहेत. परंतु दुसऱ्या पाण्याला 50, 55 व 50 मिनिटे लागली, तर आईचे म्हणणे विचारात घ्यावेच लागेल. मग दुसरा प्रश्न घ्यावा: पाणी तेच, डाळ मात्र एकदा जुनी व एकदा नवी.

उंचीचे काय? ती घरात बदलता येत नाही. चामुंडी टेकडी शहराहून सुमारे तीनशे मीटर उंच आहे. तेथे पाणी आणखी अंशभर कमी तापमानास उकळेल. पण जे बदलता येत नाही ते निदान सर्व प्रयोगांत सारखे आहे, हे मुलांना उमजले तरी पुष्कळ झाले. आणि दाबाच्या कुकरमध्ये पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, म्हणून तेथे गावच्या उंचीचा प्रश्न फारसा उरत नाही.

हा खेळ केवळ डाळीपुरता नाही. 1890 नंतरच्या दशकात जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्ता शहरात, आइकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. तो जंतूंमुळे होतो अशी तेव्हाची समजूत होती. त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की, मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा, सडलेला भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केला होता. कोणाच्या ध्यानीमनी नसलेला चल तो हाच! मग त्यांनी तांदूळ तेवढा बदलून मुद्दाम प्रयोग केले. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर जाणारे ते द्रव्य पुढे ‘ब-1’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले आणि 1929 मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात 1950 पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था काम करीत आहे. धान्य, डाळी व इतर अन्नपदार्थ यांवरील तेथील संशोधनामागेही हाच साधा नियम आहे. उपकरणे मोठी असली तरी शिस्त आपल्या शेगडीजवळचीच.

पालकांना एकच विनंती. मुलाचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही म्हणून त्याला वहीतील आकडा बदलावयास सांगू नका. कन्येचा अंदाज चुकला तरी तिची नोंद खरी असेल, तर ती त्या दिवशी विज्ञान शिकली. आणि कारण तपासल्यावाचून कोणाच्या हाताला दोष देऊ नये, एवढे घर शिकले, तर उशिरा शिजलेली डाळही गोड लागेल.