पाठमोरी करुणा

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एका छायाचित्रस्पर्धेत यंदा पहिले पारितोषिक मिळवणारे चित्र असे आहे : कापडदुकानाची भली मोठी काच, काचेआड शेरवानी घातलेला पुतळा, आणि पुतळ्याच्या छातीवर धुरकट उमटलेला, पोत्यांनी लादलेला हातगाडा ओढणारा हमाल. परीक्षकांनी भाषणात सांगितले की, येथे काचेने दोन जगे एकत्र आणली आहेत, या व्यवस्थेत श्रमिक भुतासारखा विरळ होत चालला आहे, आणि छायाचित्रकाराची दृष्टी करुणेने ओथंबलेली आहे. सभागृहात टाळ्या झाल्या. मराठीचे आम्ही दोघे अध्यापक मागच्या रांगेत होतो. टाळ्या आम्हीही वाजवल्या, हे आधीच कबूल केलेले बरे.

समारंभानंतर आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारले की, हमालाला हे चित्र दाखवलेस का? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, तो तेव्हा दिसलाच नव्हता. मी पुतळ्याचा फोटो काढत होतो. घरी संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा कळलं."

त्याच्या प्रामाणिकपणाला आमचा नमस्कार. आमचे भांडण आहे ते परीक्षकांशी. अपघाताने छायाचित्रात आलेली वस्तू सुंदर असू शकते; पण जी पाहिलीच नाही तिच्याविषयीची करुणा कुठून येते? समोरच्या काचेत मागचा रस्ता टिपणारा माणूस त्या रस्त्याकडे पाठ करून उभा असतो, ही या प्रकाराची साधी भूमिती आहे. ज्याचे चित्र निघते त्याला ते निघाल्याचा पत्ताही नसतो.

आता त्या 'विरळ' होण्याविषयी. साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा आठच्या आसपासच परत फिरतो. तिरकस पाहिल्यास प्रमाण वाढते. उरलेला बहुतेक प्रकाश आरपार जातो. म्हणजे काचेत आपल्याला दिसते ती एक झुंज असते : रस्त्याच्या उजेडाचा हा लहानसा हिस्सा एका बाजूला, दुकानातल्या दिव्यांचा उजेड दुसऱ्या बाजूला. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या भर दुपारी, दुकानात दिवे मंद असताना, ही झुंज रस्ता जिंकतो. दिवेलागणीला दुकान जिंकते. पारितोषिकप्राप्त चित्र संध्याकाळचे आहे. तोच हमाल दुपारी बाराला त्याच काचेपुढून गेला असता तर ठसठशीत उमटला असता आणि भूत झाले असते ते शेरवानीचे. मग परीक्षक काय म्हणाले असते? श्रमिकाने बाजारावर विजय मिळवला? घड्याळाच्या काट्याला समाजशास्त्र म्हणण्याची ही घाई आम्हाला मान्य नाही.

'काचेने दोन जगे एकत्र आणली' हे विधान तर आमच्या गावांच्या बाबतीत सरळसरळ उलटे आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा. जुन्या कापडदुकानाला काच नसे. फळ्या निघाल्या, पुढे शटर वर गेले, की दुकान आणि रस्ता एकच. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले अख्खे कुटुंब पायरीशी चपला काढून गादीवर बसे, समोर ठाणांमागून ठाणे उलगडली जात, आणि रस्त्याने जाणारा ओळखीचा माणूस तिथूनच भावाविषयी आपले मत देऊन पुढे सरके. (उधारीच्या वहीतले व्याज आम्ही विसरलेलो नाही, त्या गादीचे आम्ही गोडवे गात नाही.) काच आली आणि एक जग होते त्याची दोन झाली. ज्या वस्तूने भिंत घातली तिलाच पूल म्हणणे, हे वाचन नव्हे. आणि हॉटेलातल्या जिलेबीच्या काचेच्या कपाटातही चौक दिवसभर हलत असतो. पण त्यावर माशा असतात, म्हणून ते छायाचित्रात येत नाही. असो.

कोणी आत्जेचे नाव घेईल, म्हणून तेही पाहू. युजेन आत्जेने 1925 साली पॅरिसच्या आव्हेन्यू दे गोब्लँवर कापडदुकानांच्या काचा टिपल्या. पुतळे, आणि त्यांच्यावर उमटलेल्या समोरच्या इमारती. 1926 मध्ये अतिवास्तववाद्यांनी त्याची काही चित्रे आपल्या नियतकालिकात छापली आणि त्यांत स्वप्न पाहिले. आत्जे स्वतः आपल्या चित्रांना कलावंतांसाठीचे दस्तऐवज म्हणे. पण महत्त्वाचे हे की, या काचांपाशी येण्याआधी त्याने तीसेक वर्षांच्या उमेदवारीत फेरीवाले आणि चिंध्या वेचणारे समोरासमोर उभे राहून टिपले होते. आपल्याकडे रघुवीर सिंग (1942–1999) यांचे 1989 चे झवेरी बाजारातील जवाहिऱ्याच्या पेढीचे चित्र पाहावे, किंवा 1991 चे हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचे. आरशांत रस्ता आहे, आरशांबाहेरही रस्ता आहे. प्रतिबिंब तपासून पाहायला बिंब तिथेच हजर आहे.

वर्गात आम्ही दृष्टान्त अलंकार शिकवतो तेव्हा बिंबप्रतिबिंबभावाची एक अट सांगतो : दोन्ही वाक्ये आपापल्या जागी पूर्ण हवीत, आणि त्यांच्यातले साम्य वाचकाने ओळखायचे. अर्धे वाक्य दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर टाकून झालेल्या गिचमिडीला अलंकार म्हणत नाहीत. त्या चित्रात हमालाचे वाक्य अर्धेच आहे. त्याला चेहरा नाही, गाड्याचे एक चाक चौकटीबाहेर गेले आहे, पोत्यांत हळद आहे की सोयाबीन ते कळत नाही. उरलेले अर्धे वाक्य परीक्षकांनी आपल्या पदरचे घातले. आणखी एक माणूस त्या काचेत असायला हवा होता, मोबाइल धरून उभा असलेला. तोही नाही, कारण कोन साधून त्याने स्वतःला वगळले. या वगळण्याला परीक्षकांनी 'तांत्रिक सफाई' म्हणून वेगळे गुण दिले.

पारितोषिक काढून घ्यावे अशी आमची मागणी नाही. मुलाने चित्र चांगले काढले आहे, पुतळ्याचे. आमची मागणी एवढीच की, स्पर्धेच्या अहवालात परीक्षकांचे मनोगत छापले जाईल तेव्हा 'करुणा' हा शब्द त्यांनी मागे घ्यावा. त्या विद्यार्थ्याला मात्र आम्ही चित्राची एक प्रत काढून दिली आहे. हातगाडे चौकात सकाळी सातपासून उभे असतात.