पोटरीचा निरोप

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही सारे लक्ष्मी रोडवर खरेदीला गेलो होतो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दर शंभर पावलांवर एखाद्या दुकानापुढे थांबे. कधी साड्या न्याहाळी, कधी पितळी समया. ज्या गृहस्थाने जन्मात वहिनींना स्वतःहून एक साडी आणली नाही, त्याला हे वस्त्रप्रेम कुठून सुचले, म्हणून मी त्याची यथेच्छ थट्टा केली. वहिनीही हसल्या. दादा मात्र हसला नाही.

घरी आल्यावर हळूच म्हणाला, "अरे, पोटरी वळते. दोन मिनिटे थांबलो की राहते. दुकान पाहतोय असे दाखवले की कुणी काही विचारीत नाही."

तीन वर्षांपूर्वी दादाला हृदयविकाराचा झटका आला होता. वेळेवर अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि पेढे वाटून आम्ही तो विषय संपवला. हृदयाचे दुखणे हृदयापाशी, पायाचे पायापाशी; आणि पाय दुखतात ते वयामुळे, असा आमचा सरळ हिशेब!

डॉक्टरांनी तो चुकीचा ठरवला. त्यांनी पावलावरची नाडी चाचपली, मग घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले. हा भागाकार ०.९ च्या खाली आला, तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असे समजतात. दादाचा ०.६ निघाला.

"सर, जुन्या घरात एक नळ तुंबला म्हणून तुम्ही तेवढा मोकळा करून घेतलात," डॉक्टर म्हणाले. "पण गंज काय एकाच नळात धरतो?"

या पोटरी वळण्याला वैद्यकात क्लॉडिकेशन म्हणतात. माझा पेशा शब्दांचा, म्हणून मूळ शोधले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लंगडणे. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने हा विकार प्रथम वर्णिला, तो एका घोड्यात. माणसातला शार्कोने १८५८ मध्ये. हे ऐकून दादा म्हणाला, "म्हणजे मी घोड्याच्या पंक्तीला!" घरात दोन दिवसांनी कोणीतरी प्रथमच हसले.

पुढचे मात्र हसण्यासारखे नव्हते. ४४ देशांतल्या हजारो रुग्णांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. हृदय, मेंदू आणि पाय यांपैकी एकाच ठिकाणच्या रोहिण्यांचा विकार असलेल्या शंभरांतल्या सुमारे १३ जणांना वर्षभरात हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका, तशाच कारणाने इस्पितळ किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी गाठत होते. दोन ठिकाणी विकार असेल तर २१ जणांना, तिन्ही ठिकाणी असेल तर २६ जणांना. दादा दुसऱ्या रांगेत उभा होता आणि आम्ही त्याला साड्यांवरून चिडवीत होतो.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. "आता बरे वाटते" म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी त्याने वर्षापूर्वीच बंद केली होती. गच्चीवर जाऊन रोज "फक्त दोन" सिगारेटी चालू होत्या. वहिनी काही बोलल्या नाहीत; उठून आत गेल्या. ते बोलण्यापेक्षा जड होते.

डॉक्टरांनी धीरही दिला. हे आकडे म्हणजे कपाळीचा लेख नव्हे. सिगारेट कायमची सुटली, गोळ्या चुकल्या नाहीत, रक्तदाब आणि साखर आवरली, तर धोका खरोखर उतरतो. पायांना औषध चालण्याचेच: दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. पावलावरची बारीकशी जखमही अंगावर काढायची नाही.

वाचकहो, आपल्या घरी हृदयविकारातून उठलेले कोणी असेल, तर त्यांच्या छातीबरोबर पायांचीही विचारपूस करा. चालताना पोटरी दुखते का, एवढेच विचारा. आणि क्षणभर जरी जीभ अडखळली, हात लुळा पडला, तरी तडक इस्पितळ गाठा. "गेले आपोआप" म्हणून स्वस्थ बसू नका.

यंदाही आम्ही लक्ष्मी रोडवर गेलो. दादा थांबतो अजून, पण शंभर पावलांची आता चारशे झाली आहेत. तो थांबला की मीही थांबतो. परवा अशाच एका थांब्यावर त्याने वहिनींसाठी साडी घेतली. रंग त्यांना पसंत पडला नाही. नेसल्या मात्र पाडव्याला तीच.