धक्क्यावरचे गणित

रे रोड स्थानकाच्या पूर्वेस गोदामे, भंगाराचे ढीग आणि बंदराच्या भिंती आहेत; त्यापलीकडे समुद्र. दक्षिणेकडील पुढचे स्थानक डॉकयार्ड रोड. तेथून जवळच भाऊच्या धक्क्यावर मासळीचे लिलाव होतात. असे असूनही चंद्राच्या आकर्षणाने भरती येते, हे वाक्य पाठ करण्यापलीकडे शाळेचा समुद्राशी संबंध येत नाही.

किनाऱ्यावरचा अनुभवी माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. या एका हिशेबात अपूर्णांकही आहेत आणि खगोलशास्त्रही. प्रवाहाच्या जोरावर भरणारी बोंबलाची डोळ पदार्थविज्ञान शिकवते. १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी प्रजननाचे जीवशास्त्र आणि सामाईक संपत्तीचे नागरिकशास्त्र एकदमच समजावते. डिझेल, बर्फ, खलाशाचा वाटा आणि व्यापाऱ्याची उचल वजा जाता हाती काय उरते, हे मांडताना मुलांना अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न भेटतो : भाव कोण ठरवतो?

हा विचार नवा नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात, गुरांच्या कुरणात नेली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा अशी योजना आणली. ती जातिव्यवस्थेलाच बळकटी देणारी ठरेल म्हणून प्रखर विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. बालमजुरीविरोधी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने शाळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली आहे, हेही विसरून चालणार नाही. श्रीमंताच्या मुलाची सहल आणि कोळ्याच्या मुलाची बिनपगारी मजुरी, असा या शिक्षणाचा अर्थ होता कामा नये.

म्हणून धक्क्याचा पाठ सर्व जातींच्या, सर्व शाळांच्या मुलांना समान असावा. तो शाळेच्या वेळेतच व्हावा. आणि तेथे शिकवणाऱ्या कोळीण बाईला व खलाशाला शिक्षकाप्रमाणे मानधन मिळावे. श्रमाला प्रतिष्ठा आहे असे फळ्यावर लिहिणे सोपे असते. ती प्रतिष्ठा वेतनपत्रकावर उमटेल, तेव्हाच मुलांचा तिच्यावर विश्वास बसेल.